गोदूवर राज्य

विषय : कुमारी गोदावरी, इयत्ता तिसरी, हिच्यावर राज्य येण्याबाबत.

सदर गोदूची आई शाळेत झाडलोट करी. शाळा सुटली की आईचे काम सुरू होई, आणि गोदू मागच्या बागेत एकटीच थांबे. बाकीची मुले समोरच्या शिकवणीला जात. वेळापत्रकात खेळाचा तास होता. त्यात गणित शिकवत. मैदानही होते, पण मुले खेळली की गवत खराब होते म्हणून त्याला कुलूप होते. गोदू बिचारी स्वतःच पळे आणि स्वतःच स्वतःला पकडे. त्यात ती रोज जिंके आणि रोजच हरे.

एके दिवशी बागेत नवी पाटी लागली : ‘येथे पळू नये.’ पाटीच्या ओल्या रंगाला एक इवलीशी परी चिकटली होती. तिचे चिमुकले निळे-जांभळे पंख चांदीचा चुरा भुरभुरवल्यासारखे लखलखत होते आणि डोळ्यांत टपोरे पाणी होते. गोदूने आपल्या एकुलत्या एक बऱ्या फ्रॉकचे टोक भिजवले आणि हळूहळू, फुंकर घालत, पंख सोडवले. फ्रॉक हिरवा झाला. परी मोकळी झाली.

परीने इच्छा विचारली आणि नियमही सांगितले : इच्छा एकच मिळेल, आणि बोललेला शब्द मागे घेता येणार नाही.

गोदूने क्षणभरही विचार केला नाही. “माझ्यावर राज्य येऊ दे.”

‘माझ्यावर’ हा शब्द परीला जरा खटकला, पण व्याकरण तिच्या खात्याचा विषय नव्हता. तिने छडी फिरवली.

झुळुझुळू सोनेरी उजेड पसरला. जाईजुईचे सिंहासन उगवले, फुलपाखरे चवऱ्या ढाळू लागली आणि गोदूच्या डोक्यावर माणकांचा मुकुट बसला. शिकवणीची मुले ओळीने आली, दप्तरांसकट वाकली आणि पाढ्यांच्या सुरात “महाराणींचा विजय असो” म्हणाली. गोदूने त्यांना खेळायला सांगितले. मुले “जशी आज्ञा” म्हणून जागच्या जागी उभी राहिली. राणीपासून कोण पळणार?

एवढ्या माणसांत गोदूला इतके एकटे कधीच वाटले नव्हते.

“हे राज्य नाही गं, परीताई,” ती पुटपुटली. “पकडापकडीतलं.”

“त्यात काय करायचं असतं?”

“सगळ्यांच्या मागे धावायचं. ज्याला हात लागेल त्याच्यावर राज्य.”

परी चकित झाली. “आमच्याकडे राज्य आलं की माणूस बसूनच असतो.”

चूक परीची होती आणि तिने ती मान्यही केली. पण इच्छा बदलण्याचा अधिकार फक्त परीराणीला. अर्ज करावा लागणार होता. तोवर मिळालेले राज्य दुसऱ्याला देण्यास मात्र मनाई नव्हती.

गोदू सिंहासनावरून उतरली आणि तिने पहिल्या रांगेतल्या शर्वाणीला हात लावला. शर्वाणी वर्गाची मॉनिटर होती. ती कधी धावल्याचे कोणी पाहिले नव्हते. मुकुट टुणकन तिच्या डोक्यावर गेला. तो झटकायला ती शेजाऱ्याच्या मागे लागली, शेजारी पळाला, दप्तरे धपाधप पडली. मुकुट या डोक्यावरून त्या डोक्यावर उड्या मारू लागला. घामाने चेहरे चमकले, गुलाबी धूळ उडाली, आणि ‘येथे पळू नये’च्या पाटीला वळसे घालत सगळी बाग खिदळू लागली. गोदू सर्वांत पुढे पळत होती, आणि तिच्या मागे खरोखर कोणीतरी होते.

सूर्य टेकला. मुकुट फिरून शर्वाणीच्या डोक्यावर आला होता, तेवढ्यात परीने गोदूच्या गालाला पंख लावला आणि ती लख्ख पांढऱ्या उजेडात विरून गेली. सिंहासन गेले, मुकुट गेला. मुले दचकून शिकवणीला परतली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. मैदानाला कुलूप होते. गोदू बागेत एकटीच बसली होती. शिकवणीच्या वेळेला शर्वाणी कुंपणापाशी आली, दप्तर खाली ठेवून रागाने म्हणाली, “ए, कालचं राज्य अजून माझ्यावरच आहे. पळ.”

गोदू पळाली.

‘राज्य’ या शब्दाऐवजी ‘पकडापकडीतले राज्य’ असे वाचावे, अशा आशयाचा परीचा अर्ज परीराणीच्या दरबारी पोचला असून तो अद्याप विचाराधीन आहे.