पडद्यामागची खिडकी

"आमच्या हुकमाशिवाय या महालातून चिलटसुद्धा बाहेर पडत नाही," धुंडिराजे मिशी पिळत म्हणाले आणि लगेच आवाज उतरवून पुटपुटले, "ही खिडकी तेवढी पडते."

खिडकी म्हणजे कंप्युटरवरची. कारभाराच्या नावाखाली राजे दिवसभर तिच्यात पत्ते खेळत. राणीसाहेबांचे पैंजण वाजले की कोपऱ्यातली फुली दाबत, आणि डाव कायमचा गडप! आज तर जिंकत आलेला डाव गेला होता.

कंप्युटर सांभाळणारा महिपती हात जोडून उभा होता.

"फुली दाबली की खिडकी गेली पाहिजे, पण जाता कामा नये. संध्याकाळपर्यंत हे जमव. नाही तर उद्यापासून हत्तीखान्यात शेण भर."

"महाराज, फुलीशेजारी आडवी रेघ आहे. ती दाबली तर..."

"तर खिडकी खालच्या पट्टीत जाऊन बसते आणि राणीसाहेबांना दिसते. शिवाय घाईत आमचं बोट फुलीवरच जातं. बोट बदलणार नाही. खिडकी बदल."

दालनाचा पडदा ओढायचं काम महिपतीच्या बायकोचं, चिमाक्काचं. तिनं सगळं ऐकलं होतं. पडदेवालीनं ऐकायचं नाही असा नियम कुणी केलाच नव्हता.

"हत्तीखान्यातून येताना आंघोळ करून या," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुला थट्टा सुचतेय. गेली पण गेली नाही, असं कुठं असतं का?"

"रोज बघते की. महाराज दिवाणजींना 'जा' म्हणतात, तेव्हा ते कुठं जातात?"

"पडद्यामागं. टाळी वाजली की पुन्हा हजर."

"मग तुमच्या खिडकीलाही दरबाराची रीत शिकवा. फुली म्हणजे 'घरी जा' असं ठरवलं कुणी?"

महिपती पळतच आत गेला. पत्त्यांच्या सेटिंगमध्ये शोधलं, तर तिथं विचारलेलंच होतं: फुली दाबल्यावर काय करायचं? त्यानं 'बंद करा'वरची खूण काढली आणि 'घड्याळाजवळ लपवा'वर केली.

संध्याकाळी डाव रंगात आला आणि पैंजण वाजले. राजांनी फुली दाबली. खिडकी गेली. राणीसाहेबांनी आत येऊन पाहिलं, कंप्युटर कोरा करकरीत.

"या आता. आम्हाला कारभार आहे," राजे गंभीरपणे म्हणाले. राणीसाहेब गेल्या.

"आता खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळाजवळच्या त्या चिमुकल्या चित्राला टिचकी मारा, महाराज," महिपती कुजबुजला.

राजांनी मारली. अख्खा डाव जसाच्या तसा समोर!

"हिला रीत शिकवली कुणी?"

"माझ्या बायकोनं, महाराज."

राजे पोट धरून हसले. "चिमाक्का, उद्या तू हत्तीवरून मिरवत घरी जायचं. शेण दुसरं कुणीही भरेल. आता राणीसाहेबांना सात जन्मांत पत्ता लागायचा नाही."

चिमाक्कानं पडदा हळूच बाजूला ओढला. मागं राणीसाहेब उभ्या होत्या.

"आम्हालाही 'या आता' म्हणालात. आम्ही तरी कुठं घरी गेलो? ती बदामची नव्वी किलवरच्या दश्शावर ठेवा, मघापासून दिसतेय."