गाण्याआधीचा खोकला

एका बाजारपेठेच्या गावात जुन्या रेकॉर्डींचं एक दुकान होतं. बाळगोंडा मगदूम ते चालवी, पण थाटलं होतं त्याच्या वडिलांनी. त्या म्हाताऱ्याची एक रीत होती. कुणी रेकॉर्ड विकायला आणली की तो त्याला बाकावर बसवायचा, रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी पुरी वाजवायचा, आणि मगच भाव बोलायचा. ऐकता ऐकता कुणाकुणाचं मन फिरायचं. माणूस रेकॉर्ड काखेत मारून घरी परत जायचा. म्हातारा म्हणायचा, "बरं झालं. तिची जागा तिथंच होती."

बाळगोंडाला हा खुळेपणा वाटे. वडील गेले तसा त्यानं बाक माळ्यावर टाकला. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरायची, चरे बघायचे, मधल्या कागदावरचं नाव वाचायचं, संपलं. धंद्याला डोळे लागतात, कान नाही, असं तो चारचौघांत ऐटीत सांगे. आणि चारचौघं माना डोलवत. माना डोलवायला काय लागतं?

एके दिवशी सुंदराबाई गुरव रेकॉर्डींची पेटी घेऊन दुकानात आली. तिचा तबलजी नवरा नुकताच वारला होता. खोली सोडून ती दुसऱ्या दिवशी परगावी भाच्याकडे निघाली होती, आणि भाच्यानं बजावलं होतं की पेटीला जागा नाही. पेटीत चाळीस रेकॉर्डी होत्या. कसरीनं मधले कागद खाल्ले होते. एकीवरही नाव उरलं नव्हतं.

"अण्णा, ह्या सगळ्या घ्या, फक्त एक मला काढून द्या," ती म्हणाली. "माझी शेवंता नऊ वर्षांची असताना एका रेकॉर्डीत गायली. त्याच साली तापानं गेली. गाण्याआधी ती जरा खोकते, तो खोकला तसाच राहिलाय. तेवढा ऐकला की मी ओळखीन."

"मावशी, एका खोकल्यासाठी चाळीस रेकॉर्डी लावू? सुई काय झाडाला लागते?"

"नुसती सुरुवात लावा. मी उभी राहते."

"घ्यायच्या तर सगळ्या घेतो. नाहीतर पेटी उचला."

उचलून नेणार कुठं? तिनं पेटी गल्ल्याकडे सरकवली. मग म्हणाली, "बरं. सवडीनं लावाल तेव्हा माझी तेवढी बाजूला ठेवा. संक्रांतीला येईन. तुम्ही त्या म्हाताऱ्याचेच ना?"

"ठेवतो, ठेवतो," बाळगोंडा म्हणाला.

पेटी कोपऱ्यात पडून राहिली. नाव नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. पुढं शोभेच्या वस्तू करणारा एक माणूस आला. तो जुन्या रेकॉर्डी तापवून मऊ करी आणि त्यांचे वाडगे वळी. बाळगोंडानं अख्खी पेटी त्याच्या हवाली केली. आपण कुणाला शब्द दिलाय, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

संक्रांतीला सुंदराबाई तिळगुळाची पुडी घेऊन आली. "भाच्यानं कुठूनसा प्लेयर आणलाय, अण्णा. ठेवलीत ना बाजूला?"

बाळगोंडाला तेव्हा कुठं दिलेला शब्द आठवला. "बसा, आलोच," एवढंच तो म्हणाला आणि त्या कारागिराकडे धावला. बरेच वाडगे विकले गेले होते. उरलेले सतरा त्यानं पोत्यात भरून आणले आणि तिच्यापुढं मांडले.

तिनं एकेक वाडगा मांडीवर घेतला. आतल्या बारीक रेघांवरून बोट फिरवलं. सतराव्यानंतर तिनं वर बघितलं.

"यातली माझी कुठली?"

बाळगोंडानं एक वाडगा उजेडात तिरका धरला आणि तसाच खाली ठेवला.

"मला वाचता येत नाही, अण्णा," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकता येत होतं."

पुडी तिनं गल्ल्यावर ठेवली. एकही वाडगा नेला नाही. पुन्हा ती त्या गावात दिसली नाही.

बाळगोंडानं माळ्यावरचा बाक खाली काढला. आता दुकानात आलेली प्रत्येक रेकॉर्ड तो दोन्ही बाजूंनी लावतो. न जाणो, शेवंताच्या गाण्याची दुसरी एखादी प्रत कुठून तरी येईल. लोक म्हणतात, पोरगा बापाच्या वळणावर गेला. तो पुढची रेकॉर्ड चढवतो. सुई टेकली की कान देऊन बसतो. तो खोकला अजून आलेला नाही.

तात्पर्य: समोरचं माणूस जिवाच्या आकांतानं सांगत असेल तर तेव्हाच ऐकावं. वेळेला दिला नाही तो कान पुढं जन्मभर लावून बसलात, तरी गेलेला आवाज परत येत नाही.