गुळाने पाडलेले छत

वर आभाळ दिसते ना? तेच आमच्या मांडखारीच्या चर्चचे छत. बिनधास्त उभे राहा, ते पडत नाही! वेदीवरची कमान शाबूत, भिंती शाबूत, मधले तेवढे उघडे. पाहुणे विचारतात, तोफ लागली की वीज पडली? छे! गुळाने पडले.

फिरंग्यांच्या अमलात इथे पासकू नावाचा गवंडी होता, असे सांगतात. वेदीवरची कमान त्याच्या बापाची. मधले छत पासकूच्या वाट्याला आले. चुना घट्ट धरावा म्हणून त्यात घालायला गूळ आला. निम्मा चुन्यात गेला, निम्म्याची दारू झाली. छत राहिले खालच्या लाकडी टेकूंच्या भरवशावर. आणि गवंड्यांची रीत अशी, की टेकू काढताना बांधणाऱ्याने स्वतः खाली बसायचे.

पासकू काही बसेना. आज कंबर धरली, उद्या चुना ओला. गाव चिडवी, "काय रे पासकू, बसतोस कधी? नातवाच्या लग्नात?" तो हसे, पण चर्चमधून जाताना भिंतीच्या कडेकडेने जाई.

अशात एका सकाळी भरतीबरोबर चाचे खाडीत शिरले. घंटा बडवणाऱ्या सिमांवचा गळा चिरून त्यांनी त्याला घंटेच्याच दोरीला टांगले. दारात आडवा आलेल्या पाद्रीचा कान उडवला. बायकापोरे वेदीवर दाटली. मागे वाट नव्हती. पुढून तलवारी येत होत्या, आणि फरशीवर रक्त इतके, की चाचेच घसरत होते म्हणे.

पासकूने वर पाहिले. छत किती कच्चे आहे, हे अख्ख्या गावात त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. हातोडा उचलून तो वेदीपासून चाच्यांच्याच दिशेने मधल्या टेकूपाशी गेला आणि मांडी घालून बसला.

"अरे, मागे फीर!" त्याची बायको नाताल किंचाळली.

"बसतो गं! रोज बस बस म्हणत होता ना सगळे!"

एक भाला त्याच्या खांद्यात घुसला. दुसऱ्या हाताने त्याने टेकूखालची पाचर उडवली.

छत धाडकन खाली आले. तीस चाचे चिरडले. डोकी शहाळ्यासारखी फुटली. उरले ते खाडीकडे पळाले. गावाने त्यांना चिखलात गाठून वल्ह्यांनी ठेचले.

दगड उपसले, तर पासकू बसल्या जागीच होता. रक्ताने माखलेला पाद्री म्हणाला, "हा संत आहे."

"संत कसला!" नाताल रडता रडता म्हणाली. "मेल्याने गूळ चोरला, म्हणून वाचलात!"

छत पुन्हा कुणी घातले नाही. आजही मांडखारीत स्लॅबचे टेकू काढताना कंत्राटदाराला खाली बसवतात आणि तोंडात गुळाचा खडा देतात. गेल्या साली बस्त्याव कंत्राटदार हेल्मेट घालून आला. बायकांनी ते काढून त्यात बोंबील ठेवले. शेवटचा टेकू निघेपर्यंत बस्त्याव वर बघत, गूळ गालात धरून बसला होता. मग गिळला.