बकुळेचे कागद आणि वाहून चाललेली मुंगी

डोंगराच्या कुशीत एक फुलबाग होती आणि बागेच्या कोपऱ्यात बकुळेची इवलीशी झोपडी. आई वेण्या करून विकायची, बकुळा गोष्टी लिहायची. पण कोरा कागद आणायचा कुठून? फुलांच्या पुड्यांचे कागद, जुन्या कॅलेंडरची पानं, जे मिळेल त्याच्या पाठीवर ती लिहायची. गोष्टी मात्र सगळ्या अर्ध्या! एक राजा अजून घोड्यावर चढतोच आहे आणि एक राजकन्या दोन वर्षं नुसती शिंकतेच आहे.

आता लिहायला बसलं की या अर्ध्या गोष्टी पेटीतून कुरकुरायच्या. महिना झाला, बकुळेला एक ओळ सुचली नव्हती. आपल्याला आता कधीच लिहिता येणार नाही, या भीतीने तिला जेवण जाईना.

शेवटी एका दुपारी ती पेटी घेऊन बागेत आली. "आज सगळं काढून टाकते. नव्याने सुरुवात!"

तेवढ्यात गुलबक्षीची कळी उमलली आणि आतून बोटाएवढी गुलाबी परी बाहेर आली. तिचे चिमुकले पंख चांदीसारखे चमचमत होते.

"बाळ, तुला कधीही न संपणारी कोरी वही देईन," परी म्हणाली. "पण चाफ्याच्या शेंड्यावरचं ऊन जायच्या आत पेटी रिकामी हवी. एकही कागद मागे ठेवायचा नाही. आणि जो सोडशील, त्यातली गोष्ट तू कायमची विसरशील."

"विसरले तर बरंच, परीताई!"

बकुळा कागद सोडू लागली. प्रत्येकाचं फुलपाखरू होई. केशरी, निळं, पोपटी! राजा उडाला, राजकन्या उडाली. ऊन भराभरा वर सरकत होतं. पेटीत एकच कागद उरला आणि तिचा हात थांबला.

त्यावरच्या गोष्टीत एक मुंगी पानावर बसून ओढ्यातून वाहत चालली होती. पुढे धबधबा! शेजारची छोटी छबू महिनाभर तापाने अंथरुणाला खिळलेली. तिला बकुळेने गोष्ट इथवरच सांगितली होती. रोज सकाळी खिडकीतून तोच प्रश्न यायचा, "बकुळाताई, मुंगी बुडाली का गं?" काळजीने त्या पोरीला झोप लागेना.

हा कागद सोडला तर मुंगीला काठावर कोण आणणार?

शेंड्यावर आता चिमूटभर ऊन होतं. बकुळेने पेन्सिल काढली. एक ओळ खोडली, दुसरी खोडली. मग काठावरचं गवताचं पातं वाकलं, मुंगी त्यावर चढली आणि पान धबधब्यात गेलं. बकुळेने मान वर केली. ऊन गेलं होतं.

"नियम म्हणजे नियम," परी हळूच म्हणाली. "वही नाही मिळणार."

बकुळेला रडू आवरेना. "कळलं मला. पण छबू किती घाबरलीये! तिला अशी मध्येच कशी सोडू?"

परीने पेन्सिलीच्या टोकाला बोट लावलं. "जेव्हा कुणासाठी तरी गोष्ट पुरी करशील, तेव्हा तिच्याखाली एक कोरं पान उगवेल." गुलाबी उजेड झळाळला आणि परी त्यात विरून गेली. मुंगीच्या कागदाखाली दुधासारखं पांढरं पान होतं.

बकुळा धावत छबूकडे गेली.

"पोचली काठावर?"

"पोचली!"

छबूने मोठा श्वास सोडला. मग पांघरुणातून डोकं बाहेर काढून विचारलं, "आता ती घरी कशी जाणार?"

बकुळेला ते मुळीच माहीत नव्हतं. तरी तिने कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवली आणि लिहू लागली.