फिंगल बिशपांची घंटा

स्कॉटलंडातल्या एका खोऱ्यात फार पूर्वी फिंगल नावाचे बिशप होऊन गेले. लोक त्यांना संत मानत. त्यांनी एक नेम घालून दिला होता. त्यांच्या हातघंटेचा आवाज पोचेल तिथवर कुणी कुणाला धरायचं नाही. ते गेल्यावर म्हातारी मोराग ती घंटा रोज चर्चच्या दारात वाजवायची, आणि नेम मोडायची कुणाची छाती नव्हती.

एकदा सरदार गिलरॉयचं हरीण मारून इव्हर मेंढपाळ चर्चमध्ये लपला. सरदार फासाचा दोर घेऊनच आला आणि त्याने मोरागच्या हातातली घंटा हिसकावली.

"म्हातारे, ही आता माझ्या बुरुजावर टांगणार. मग बघू इव्हरला कोण वाचवतं!"

इव्हर खांबामागे सरकला. मोराग मात्र हसली.

"उपकार झाले, धनी. माझ्या हातून आवाज कसाबसा ओढ्यापर्यंत जातो. तुमच्या बुरुजावरून सगळ्या खोऱ्यात जाईल. मग तुम्हाला कुणालाच धरता यायचं नाही. आणि वाजवलीच नाहीत, तर लोक म्हणतील, संतांची घंटा सरदारांच्या घरी मुकी झाली."

सरदाराने एकदा बुरुजाकडे पाहिलं आणि घंटा परत केली.

"हळू वाजवत जा," तो पुटपुटला आणि दोर घेऊन एकटाच परत गेला.

त्या संध्याकाळी मोरागने घंटा दोन्ही हातांनी वाजवली.