गुंजीची वाटी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे पिराजी नावाचे वस्ताद तालीम चालवत. माणूस नेकीचा, पण नाकावर माशी बसू देत नसे. त्यांच्या तालमीची एक रीत होती. पोरं जेवायला बसली, चार घास पोटात गेले, की वस्ताद टाळी वाजवत. टाळी झाली की हातातला घास टाकून उभं राहायचं. मग वस्ताद एखाद्याचं ताट उचलत आणि मनाला येईल तेव्हा परत देत. "ज्याचा भुकेवर ताबा नाही, तो समोरच्या गड्यावर काय ताबा ठेवणार?" असं त्यांचं म्हणणं.

घरी त्यांची गुंजी नावाची कुत्री होती. असेल दीड वितीची, पण वस्तादांचा तिच्यावर भारी जीव. ती मांडीवर येऊन पडली की त्यांचा दिवसभराचा शीण जाई. आता जिच्यावर जीव, तिला वळण नको का लावायला? वस्तादांनी तालमीचीच रीत तिला लावली. ती खात असताना मधेच वाटी उचलायची आणि थोड्या वेळाने परत ठेवायची.

सुरुवातीला गुंजी नुसती बघत राहिली. मग भराभरा गिळू लागली. पुढे तर वस्ताद जवळ आले की ती मान ताठ करून वाटीवर ओणवी होई. एक दिवस ती गुरगुरली. वस्तादांनी छडी हाणली. आठवड्याभरात गुरगुरणं बंद झालं आणि वस्ताद "बघा, कशी वळणावर आली," असं घरोघर सांगत सुटले.

दोनच दिवसांनी त्यांची पाच वर्षांची नात, मैना, घरंगळलेला चेंडू घ्यायला वाटीपाशी वाकली. गुंजीने चूं की चां न करता तिच्या बोटाचा चावा घेतला. जखम लहान होती, पण रक्त आलं.

वस्तादांची बायको यसूबाई पोरीचं बोट बांधता बांधता म्हणाली, "अहो, ह्या कुत्रीला लांब कुठेतरी सोडून या. नाहीतर मी मैनेला घेऊन माहेरी जाते."

वस्तादांचा जीव टांगणीला लागला. नात हवी आणि गुंजीही हवी. घरात बसवेना, ओट्यावर उभं राहवेना. अंगणात दहा येरझाऱ्या घातल्या आणि तसेच तालमीकडे निघाले. पोरं जेवत होती. डोक्यात गुंजीच असल्यामुळे वस्ताद टाळी वाजवायची विसरले आणि दारातच थबकले.

एकूण एक पोराचा डावा हात ताटाभोवती होता. सगळे न चावता गिळत होते. सिदू नावाच्या थोराड गड्याने तर अर्धी भाकरी मांडीखाली दडवली होती.

"हे काय रे सिदू?" वस्तादांनी विचारलं.

"भाकरी, वस्ताद. तुम्ही ताट कधी उचलाल त्याचा नेम नाही."

"राग येतो माझा?"

"येतो."

"मग बोलत का नाहीस?"

सिदूने मान खाली घातली. "बोललं की छडी बसते."

वस्तादांना गुंजीवर हाणलेली छडी आठवली. गुंजीचं गुरगुरणं म्हणजे तिचं बोलणं होतं. ते त्यांनीच बंद केलं होतं आणि त्यापायी पोरीच्या बोटातून रक्त आलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन ते यसूबाईला म्हणाले, "पंधरा दिवस दे. तोवर मैना तिच्याजवळ जाणार नाही, हे माझ्यावर."

"पंधरा दिवस. सोळावा नाही," यसूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गुंजी खायला लागली की वस्ताद लांबून जात आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्या वाटीकडे टाकून तसेच पुढे निघून जात. उचलायचं काही नाही. रोज एक पाऊल जवळ. तिची मान ताठ झाली की एक पाऊल मागे. उभ्या आयुष्यात आखाड्यात मागे न सरलेला माणूस दीड वितीच्या कुत्रीपुढे मागे सरत होता, आणि उरलेले दिवस बोटांवर मोजत होता. सातव्या दिवशी ती पुन्हा गुरगुरली. वस्ताद थांबले. "बरं बाई, कळलं," म्हणून मागे फिरले.

पंधराव्या दिवशी यसूबाई दारात येऊन उभी राहिली. वस्ताद वाटीपर्यंत गेले, वाकले, हात पुढे केला आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. गडबडीत अंडं आणायचंच राहिलं होतं. हात रिकामा होता.

गुंजीने मान वर केली. रिकामा हात हुंगला, चाटला आणि शेपूट हलवत पुन्हा खायला लागली.

वस्तादांचे डोळे भरून आले. यसूबाई म्हणाली, "राहू दे तिला. पण ती खाताना मैना तिकडे जायची नाही."

"मैनाही नाही आणि तालमीत टाळीही नाही," वस्ताद म्हणाले आणि पोरांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून त्यांना वाढायला तुपाचं भांडं घेऊन तालमीकडे चालू लागले.

तात्पर्य सांगायचं तर: ज्याच्या तोंडचा घास आपण पुन्हा पुन्हा काढतो, तो आपल्याला शत्रूच समजतो. त्याचा आवाज दाबला म्हणजे त्याची भीती गेली असं नव्हे. आपला हात घास काढून घेणारा नाही, हे त्याला पटलं तरच तो निर्धास्त होतो.