सुकरूनं अंधारात दाखवलेला फोटो

एका गावात एक भोळा सुकरू होता. त्याची माय भागरता होती. आणि घरात तिसरी एक पेटी होती. तिला तीन पाय होते, डोक्यावर काळं फडकं होतं, आणि ती माणसांचे फोटो काढायची.

पेटी बापाची. बाप गेला, पेटी राहिली. फोटोचं दुकान गावाच्या मालकीण मालगुजारीणबाईंच्या फाटकाजवळच्या खोलीत होतं. एक दिवस बाईंनी भागरतेला बोलावलं.

"उत्तरेच्या रानात माझं माहेर," बाई म्हणाल्या. "तिथं तळं आहे. थंडी सरताना काठची पानगळ लागते. मोह पिवळा होते, धावडा तांबडा होते. मले आता तिथवर जाववत नाही. त्याचा एक फोटो आणून दे. पानं सरायच्या आत आणला तर खोली तुझी. नाही तर तेली घाण्यासाठी मागूनच राहिला आहे."

भागरतेचे गुडघे धरलेले. ती कुठली जाते रानात! तिनं सुकरूला पेटी दिली, भिंगावरची टोपी काढायची कशी, लावायची कशी ते दाखवलं आणि बजावलं, "सूर्य पाठीशी ठेवायचा. विसरू नको."

"बरं माय," सुकरू म्हणाला. त्यानं ध्यानात ठेवलं.

सकाळी निघाला. सूर्य पाठीशी घेतला आणि चालू लागला. तळं उत्तरेला, सुकरू पश्चिमेला. दुपारी सूर्य आला डोक्यावर. आता पाठीशी कसा घ्यावा? सुकरू भर रस्त्यात पालथा पडला. गुराखी म्हणाले, मेला. सुकरू म्हणाला, "मेलो नाही जी, सूर्य पाठीशी घेतला आहे." मग सूर्य कलला. सुकरू उठला, वळला, सूर्य पुन्हा पाठीशी घेतला आणि चालू लागला. दिवस बुडताना एक घर दिसलं. दारात त्याचीच माय उभी.

"माय, तूही आलीस काय तळ्यावर?"

भागरतेनं कपाळावर हात मारला. "अरे सोन्या, ते फोटो काढताना! चालताना नाही! तळ्यावर जा, पेटी लाव. समोरचा हलला तर फोटो बिघडते, म्हणून सगळे गप उभे राहिले की मगच टोपी काढ."

"बरं माय." ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुकरू तळ्यावर पोचला. धावडा तांबडा, मोह पिवळा, पाण्यात सगळं रान उलटं. सुकरूनं पेटी लावली आणि तळ्याला म्हणाला, "हलू नको जी."

तळं हललं.

"हलू नको म्हणतो ना!"

मोहाचं एक पान गळून पाण्यात पडलं. "ए मोहा, तुले वेगळं सांगू काय?" दुसरं पान पडलं. सुकरू दिवसभर त्यांना रागावत राहिला. घरी आला तेव्हा घसा बसला होता.

"माय, तळं लई चावट आहे. लहान लेकरावानी चुळबुळते."

"अरे, पाण्याशी कोणी बोलते काय? आपण जाळीत लपून बसावं. चूप राहावं. वारा पडला, सगळं निवांत झालं, की काढावा."

"बरं माय." ध्यानात ठेवलं.

पुढच्या खेपेला वाटेतच लग्न लावून परतणारं एक वऱ्हाड भेटलं. गाड्या सोडून लोक आंब्याखाली बसले होते. पेटी पाहून नवरदेवाचा मामा म्हणाला, "काढ रे आमचा फोटो!"

सगळे ओळीत उभे राहिले. नवरदेवानं बाशिंग सारखं केलं. बायकांनी पदर सावरले. सुकरू पेटी घेऊन बोरीच्या जाळीत शिरला आणि चूप बसला.

"कुठं गेला रे तो?"

जाळीतून दोन डोळे दिसले. ते बायकांकडे पाहत होते, आणि त्यांवर काळं फडकं होतं.

"चोर! चोर!" करवली ओरडली. मग मामानं हाणलं, नवरदेवानं हाणलं, नवरीनंही एक हाणून घेतली. सुकरू सुजून घरी आला.

"माय, मी एक शब्द बोललो नाही, तरी मारलं."

"अरे देवा! कोणी भेटलं की लपू नये रे. समोर जावं. रामराम घालावा. 'जवळ या, आणखी जवळ या, थोडं हसा' असं गोड बोलावं."

"बरं माय." ध्यानात ठेवलं.

आता रानात निम्मी पानं उरली होती. सुकरू तळ्यावर गेला तर मोहाखाली अस्वल. मागं त्याचं पिल्लू.

सुकरू समोर गेला. "रामराम जी. जवळ या."

अस्वल आलं.

"आणखी जवळ या."

अस्वल आणखी आलं.

"आता थोडं हसा."

अस्वलानं सगळे दात दाखवले. एवढं ऐकणारं गिऱ्हाईक सुकरूला जन्मात भेटलं नव्हतं. पण ते काही थांबेना. मग सुकरू धावड्यावर आणि धोतर अस्वलाकडे, असं झालं.

भागरतेनं त्याला लुगडं गुंडाळायला दिलं. "माणूस ओळख रे बाप्पा! केसाळ दिसलं की पळ! आता चारच पानं उरली असतील. जा, आणि फोटो घेऊनच ये."

सुकरू गेला. तळ्यावर अस्वल नव्हतं, वऱ्हाड नव्हतं, वारा नव्हता. सूर्य पाठीशी होता. त्यानं टोपी काढली, टोपी लावली. फोटो निघाला! सुकरू नाचला. मग त्याला वाटलं, तळं आत आलं की नाही? त्यानं पेटी उघडली, फोटो जिच्यावर उतरतो ती काच बाहेर काढली आणि उन्हात धरून पाहिली.

"माय, तळं आत आलंच नाही. नुसती काच आहे."

भागरता मटकन खाली बसली. "अरे, उजेड लागला की सगळं पुसून जाते! काळोख केल्याबिगर उघडायचं नाही. कोणाला दाखवायचं नाही."

"कोणालाच नाही?"

"देवालासुद्धा नाही!"

"बरं माय." ध्यानात ठेवलं.

सुकरू पुन्हा धावत गेला. झाडांवर शेवटची पानं होती, बाकीची काठावर पसरलेली. फोटो काढला, काच तशीच बंद आणली. भागरतेनं दारं लावून ती धुतली, कागदावर उतरवली. काय फोटो! तिनं तो पेटीच्या काळ्या फडक्यात गुंडाळला. "हा बाईंना दाखव. मी मागून येते."

मालगुजारीणबाई बैठकीत बसल्या होत्या. शेजारी दिवाणजी होते.

सुकरूनं रामराम घातला आणि दार लावलं. खिडक्या लावल्या. फटींत चादरी कोंबल्या. कौलांतून एक कवडसा येत होता. तिथं दिवाणजींचा फेटा कोंबला.

"अरे, अरे, माझा फेटा!"

"गप उभे राहा जी. हललं की बिघडते."

मग बाईंच्या डोक्यावर काळं फडकं टाकलं, स्वतः आत शिरला आणि गच्च काळोखात फोटो समोर धरला.

"पाहा जी. दिसलं?"

बाईंनी मान पुढं केली. "नाही रे. काय आहे त्यात?"

"तळं आहे. लई चावट. हलू नको म्हटलं तर मुद्दाम हलते."

"असंच आहे ते," बाई म्हणाल्या. "आणखी?"

"धावडा तांबडालाल. काठावर पानंच पानं, चाललं की कुरकुर वाजतात. मोहाखाली अस्वलबाई आहे, लेकरू घेऊन. रामराम घातला की हसते."

बाई फडक्याखाली हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. मग पुन्हा हसल्या. दिवाणजी काळोखात भिंतीवर आपटले.

इतक्यात भागरता आली. तिनं दार ढकललं आणि किंचाळली. "अरे मुडद्या, फोटो काळोखात दाखवते काय कोणी!"

"त्याले रागावू नको," बाई फडकं काढत म्हणाल्या. "वर्ष झालं, माझ्या डोळ्यांत वडस आली आहे, मले काही दिसत नाही. मी कोणाला सांगितलं नाही. उजेडात दाखवला असता तर तुम्ही म्हटलं असतं, छान आहे ना बाई? मी म्हटलं असतं, हो, छान आहे. काळोख केला म्हणून यानं मले सगळं माहेर दाखवलं."

भागरतेनं फोटो हातात घेतला. सुकरूनं त्याची कोरी पाठच बाईंपुढं धरली होती.

खोली भागरतेची झाली. तेल्याला दुसरी जागा मिळाली. घरात दोन वेळची चूल पेटू लागली, आणि बाईंनीच आपल्या माहेरची एक मुलगी सुकरूला पाहून दिली. लग्नात त्या वऱ्हाडातल्या करवलीनं त्याला ओळखलं, पण हाणलं नाही.

अजूनही पानगळ लागली की सुकरू तळ्यावर जातो आणि काळोख करून बाईंना फोटो दाखवतो. भागरता आता पेटीत काचच घालत नाही. तरी बाई दरवर्षी म्हणतात, "औंदाचा लई साफ आला रे!"